पाळकीय समुपदेशन शिकायचं, तर आधी स्वतःची घाई ओळखा

प्रश्न एका तरुण सहायक पाळकाचा आहे. सेवेला लागून आठ महिने झालेत. उपदेश जमतो, बायबल अभ्यास घेता येतो. पण उपासनेनंतर कोणी थांबून रडायला लागलं की हातपाय गळतात. 'एखादं वचन सांगतो, प्रार्थना करतो, माणूस थँक्यू पास्टर म्हणून जातो आणि त्या विषयावर पुन्हा कधी बोलत नाही. समुपदेशनाच्या मूलभूत गोष्टी कुठून आणि कशा शिकायच्या?'

तुमच्या प्रश्नातलं 'पुन्हा कधी बोलत नाही' हे मला सगळ्यात मोलाचं वाटलं. बहुतेकांच्या हे लक्षातही येत नाही. समोरचा आभार मानून गेला म्हणजे काम झालं, असं समजून कित्येक जण वर्षानुवर्षं सेवा करतात. तुम्हाला ते खटकलं, म्हणजे शिकायला सुरुवात झालीच आहे.

मी सव्वीस वर्षं या सेवेत आहे, त्यातली अकरा रुग्णालयात चॅपलिन, म्हणजे रुग्णांना आध्यात्मिक आधार देणारा पाळक, म्हणून गेली. आता नव्या पाळकांना शिकवतो. समुपदेशनाचं तंत्र शिकता येतं आणि ते फार अवघडही नाही. अवघड आहे ते दुसऱ्याचं दुःख समोर असताना आपल्याला होणारा त्रास सहन करणं. आपण वचन देतो, सल्ला देतो, प्रार्थनेला हात जोडतो, ते पुष्कळदा समोरच्याला बरं वाटावं म्हणून नसतं. आपल्याला ते ऐकवत नाही म्हणून असतं. माझ्या मते मूलभूत शिक्षण म्हणजे हा फरक त्या क्षणी ओळखायला शिकणं.

हे पुस्तक वाचून येत नाही. मला ते एका कागदामुळे कळलं.

चॅपलिनच्या प्रशिक्षणात आम्हाला भेटीनंतर संवाद आठवून जसाच्या तसा लिहून काढायला लावायचे. याला व्हर्बेटिम म्हणतात. माझी एक नोंद अशी होती. पतीच्या निधनाला दोन महिने झालेल्या एका बाईंकडे मी गेलो होतो. (काही तपशील बदलले आहेत, आणि शिकवताना हे सांगायला त्यांनीच मला परवानगी दिली आहे.)

त्या : तसं ठीक चाललंय. मुलं येऊन जातात. (थोडं थांबून) त्यांचा चष्मा मी अजून रोज पुसून ठेवते.
मी : ते आता प्रभूजवळ आहेत, ताई. तिथे त्यांना चष्म्याची गरज नाही.
त्या : हो, ते आहेच.
मी : आपण प्रार्थना करू या का?
त्या : करा ना.

मला ही भेट चांगली झाली असं वाटलं होतं. आशेचं वचन दिलं, प्रार्थना केली, दारापर्यंत त्या सोडायला आल्या. माझ्या मार्गदर्शकांनी कागद वाचला, 'हो, ते आहेच' या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, 'इथे धीर कोणी कोणाला दिला?' मग थोड्या वेळाने, 'चष्म्याचं ऐकल्यावर तुझ्या पोटात काय झालं?'

त्याच्या आदल्या वर्षी माझे वडील गेले होते. त्यांच्या वस्तू मी एका दुपारी खोक्यात भरून माळ्यावर टाकल्या होत्या आणि त्याकडे पुन्हा पाहिलं नव्हतं. चष्मा ऐकला आणि पोटात खड्डा पडला. पुढचं वाक्य त्या खड्ड्यातून आलं होतं. मी जे म्हणालो ते खोटं नव्हतं, माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. पण त्या वेळी मी ते दार लावून घ्यायला वापरलं. आणि त्या समजूतदार होत्या. पाळकाला हे झेपत नाहीये हे त्यांना कळलं, म्हणून त्यांनीच विषय मिटवला.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा गेलो. म्हटलं, 'मागच्या वेळी तुम्ही चष्म्याचं बोलायला लागला होतात आणि मी तुम्हाला बोलू दिलं नाही. अजून पुसता?' त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग सांगितलं, की त्या शेवटच्या सकाळी त्यांच्यात किरकोळ भांडण झालं होतं. ते चष्मा शोधत होते. त्या म्हणाल्या होत्या, 'स्वतः शोधा, मी काय नोकर आहे?' ते तसेच गेले आणि दुपारी हृदयविकाराच्या झटक्याने रस्त्यातच कोसळले. चष्मा उशीखाली सापडला.

दोन महिने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने त्यांना सांगितलं होतं की ते प्रभूजवळ आहेत. शेवटचं वाक्य काय होतं, हे कोणी विचारलं नव्हतं.

ही पद्धत आली कुठून, तेही सांगतो, कारण त्यातच तिचा अर्थ आहे. अँटन बॉइसन हे अमेरिकेतले पाळक. १९२० मध्ये त्यांना तीव्र मानसिक आजार झाला आणि वर्षाहून जास्त काळ मनोरुग्णालयात काढावा लागला. बरे झाल्यावर ते मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात चॅपलिन झाले आणि १९२५ मध्ये त्यांनी ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तिथे शिकायला आणलं. ग्रंथ वाचता तशी माणसंही वाचा, दुःखात असलेला माणूस हा जिवंत दस्तऐवज आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच सुमारास बॉस्टनचे डॉक्टर रिचर्ड कॅबट सांगत होते की, डॉक्टर जसे रुग्णाच्या खाटेशेजारी तयार होतात तसे पाळकही तयार व्हायला हवेत. त्यांच्याबरोबर काम करणारे चॅपलिन रसेल डिक्स भेटीनंतर संवाद आणि प्रार्थना लिहून ठेवत. पुढे यातूनच क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, म्हणजे सीपीई, हे प्रशिक्षण उभं राहिलं. तुमच्या आवाक्यात सीपीईचं एखादं सत्र असेल तर ते जरूर करा. एक पूर्ण सत्र साधारण चारशे तासांचं असतं आणि त्यात प्रत्यक्ष भेटींइतकंच वजन त्या भेटींवर गटात होणाऱ्या चर्चेला असतं. नसेल जमत, तरी कागद आणि पेन्सिल कोणालाही मिळते.

आता ऐकण्याबद्दल.

'नीट ऐका' हे सगळेच सांगतात, पण म्हणजे नेमकं काय करायचं हे कोणी सांगत नाही. मी शिकवतो ते इतकंच: समोरच्याने शेवटी वापरलेला सर्वांत जड शब्द उचला आणि त्यालाच परत द्या. कोणी म्हणालं, 'नोकरी गेल्यापासून घरात मी नकोसा झालोय,' तर नोकरीची चौकशी सुरू करू नका. 'नकोसा?' एवढंच म्हणा आणि थांबा. थांबणं म्हणजे मनात दहापर्यंत मोजणं. पहिल्यांदा ते दहा आकडे संपता संपत नाहीत. बहुतेक वेळा सहाव्या-सातव्या आकड्याला माणूस बोलू लागतो, आणि जे बोलायला तो आला होता तेच बोलतो.

'का' ने सुरू होणारे प्रश्न कमी करा. 'तुम्ही त्याला आधीच का नाही सांगितलं?' हा प्रश्न आपल्याला चौकशीचा वाटतो, ऐकणाऱ्याला आरोपाचा. 'सांगणं कशामुळे अवघड गेलं?' असं विचारलं की उत्तर मिळतं. 'मला कळतंय तुम्हाला काय वाटत असेल,' हे तर बोलूच नका. कळत नसतं. कळलंय का हे तपासायचं असेल तर 'म्हणजे रागापेक्षा फसवणूक झाल्यासारखं जास्त वाटतंय, असं का?' असं विचारून पाहा. चुकलात तर समोरचा दुरुस्त करतो, आणि त्या दुरुस्तीतच त्याला स्वतःचं स्वतःला नीट कळतं. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या अटी तुम्ही वाचल्या असतील: समोरच्याच्या जागी उभं राहून समजून घेणं, अटी न घालता त्याचा स्वीकार करणं, आणि आपण आतबाहेर एक असणं. तरुणपणी रॉजर्स स्वतः पाळक व्हायच्या वाटेवर होते. या तीन गोष्टी कृपेच्या शिकवणीला किती जवळच्या आहेत, हे कुणाही पाळकाला दिसेल.

तुम्हाला वाटेल, मग वचन आणि प्रार्थना यांचं काय? आपण काही नुसते समुपदेशक नाही.

अजिबात नाही, आणि माझा यावर ठाम विश्वास आहे. पाळकाकडे येणारा माणूस देवाचा विषय निघेल हे जाणूनच येतो. तो विषय टाळणं हीसुद्धा फसवणूकच. पण शास्त्रातच बघा ना. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर ते उत्तम पाळक होते. बोलायला लागले तिथे बिघडलं, आणि त्यांनी सांगितलेलं बरंचसं ऐकायला धार्मिकच होतं. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. त्याला झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो. देवाचा प्रश्न कितीतरी नंतर येतो, आणि तोही साधा: तू इथे काय करतोस? येशू आंधळ्या बार्तीमयाला, जो आंधळा आहे हे सर्वांना दिसत होतं, विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे.

तो बार्तीमयाचा प्रश्न मी प्रार्थनेआधी रोज वापरतो. 'प्रार्थना करू या का?' असं विचारलं तर पाळकाला नाही म्हणायची कोणाची छाती होणार? त्याऐवजी विचारा, 'आज देवाला काय सांगावंसं वाटतंय?' चष्म्याच्या त्या दुसऱ्या भेटीत मी हेच विचारलं. त्या म्हणाल्या, 'मला त्यांना सॉरी म्हणायचंय. ते देवाजवळ सांगितलं तर चालेल?' मी प्रार्थनेत तेवढंच म्हटलं, त्यांच्याच शब्दांत. पहिल्या भेटीतली माझी प्रार्थना खूप सुंदर होती, पण ती त्यांची नव्हती.

वचनाचंही तसंच. वचन औषधासारखं मात्रेत आणि वेळेवर द्यावं लागतं. 'सर्व गोष्टी मिळून कल्याणकारी होतात' हे सत्य आहे, पण मूल गमावलेल्या आईला पहिल्या आठवड्यात ते ऐकवणं क्रूर आहे. तिथे अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचा. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची ओळही नाही. तरी ते शास्त्रात आहे. मी ते वाचल्यावर एक वडील म्हणाले होते, 'हे असं देवाला बोललेलं चालतं?' त्यांच्या दुःखाला तिथून वाट मिळाली.

शोकाबद्दल अजून एक. १९४२ मध्ये बॉस्टनमधल्या एका नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं गेली. तिथल्या शोकग्रस्तांना आणि इतरांना भेटून एरिक लिंडमन या मानसोपचारतज्ज्ञांनी १९४४ मध्ये तीव्र शोकाची लक्षणं मांडली: अचानक दाटून येणारा हुंदका, श्वास कोंडणं, गेलेल्याचीच सारखी प्रतिमा, अपराधीपणा, आणि राग, अगदी जवळच्यांवरही. हे माहीत असलेला पाळक 'देव इतका निष्ठुर कसा?' असं ऐकून देवाची बाजू मांडायला धावत नाही. दफनविधीला गर्दी असतेच. तुम्ही दीड-दोन महिन्यांनी जा, गर्दी ओसरल्यावर. पहिल्या वर्षश्राद्धाची तारीख डायरीत लिहून ठेवा.

गुप्ततेबद्दल कडकच बोलावं लागेल. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोमच्या चर्चच्या धर्मसभेने, पापाची कबुली फोडणाऱ्या याजकाला पदावरून काढून जन्मभर मठात प्रायश्चित्त करायला लावण्याचा नियम केला होता. मंडळीत गोष्टी फुटतात त्या मात्र कबुलीच्या खोलीतून नाहीत, प्रार्थनेच्या विषयातून. 'अमुक भगिनीच्या घरासाठी प्रार्थना करा, फार बिकट आहे,' एवढं म्हटलं की काम झालं. परवानगीशिवाय कोणाचंही नाव प्रार्थनासभेत घेऊ नका. उपदेशात उदाहरण म्हणून तर मुळीच नको. नाव गाळलं तरी मंडळी बरोबर ओळखते आणि पुढच्या वेळी तुमच्याकडे कोणी येत नाही. आपल्या पत्नीला किंवा पतीलाही सांगायचं नाही.

पण गुप्ततेला मर्यादा असते आणि ती पहिल्याच बैठकीत, गोष्ट ऐकण्याआधी सांगायची: 'तुम्ही बोलाल ते माझ्याजवळ राहील. पण तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा एखाद्या मुलावर अत्याचार होत असेल, तर मला मदत बोलवावी लागेल.' बालकांवरच्या अत्याचाराबद्दल तुमच्या इथला कायदा पाळकाला काय करायला सांगतो ते आजच माहीत करून घ्या. अशी बाब मंडळीच्या आतच मिटवण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी ज्येष्ठ नक्की देईल. तो मानू नका.

आत्महत्येचा संशय आला तर सरळ विचारा. 'जीव द्यावासा वाटतो का?' अशाच शब्दांत. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती अभ्यासांनी खोटी ठरवली आहे. उलट विचारलं की माणसाला सुटल्यासारखं होतं. हो म्हणाला तर कसं ठरवलंय, साधन जवळ आहे का, हेही विचारा, त्याला एकटं सोडू नका आणि मदत येईपर्यंत थांबा. इंग्लंडमधले पाळक चॅड व्हॅरा यांना १९३५ मध्ये, सेवेच्या सुरुवातीलाच, चौदा वर्षांच्या एका मुलीचा दफनविधी करावा लागला. तिला पाळी आली होती आणि तो काही लाजिरवाणा रोग आहे असं समजून तिने जीव दिला होता. विचारायला तिला कोणी नव्हतं. ते त्यांच्या मनातून गेलं नाही, आणि १९५३ मध्ये त्यांनी निराश लोकांसाठी चर्चमध्येच टेलिफोन सेवा सुरू केली. पुढे त्यांच्या लक्षात आलं की भेटायला आलेले लोक बाहेरच्या खोलीत थांबून चहा देणाऱ्या स्वयंसेवकांशी बोलतात, आणि पुष्कळांना मग आत येण्याची गरजच उरत नाही. त्या स्वयंसेवकांकडे कुठली पदवी नव्हती, ते फक्त ऐकत होते. समॅरिटन्स ही संस्था यातून वाढली.

घरात मारहाण होत असेल तर नवरा-बायकोला एकत्र बसवू नका. ती तुमच्यासमोर जे बोलेल त्याची किंमत तिला घरी मोजावी लागते. तिला अधीनतेची वचनं सांगून परत पाठवणं हा मी पाहिलेला सर्वांत वाईट पाळकीय अपराध आहे. क्षमा नंतर, आणि तिच्या वेगाने. आधी ती आणि मुलं सुरक्षित आहेत का ते बघा.

बाकी मर्यादा थोडक्यात. बैठक पन्नास मिनिटांची ठेवा, वेळ आधी सांगा. दाराला काच असलेली खोली निवडा, इमारतीत दुसरं कोणी असेल अशी वेळ घ्या. एकाच विषयावर चार-पाच बैठका होऊनही काही हललं नाही, तर तो तुमच्या आवाक्याबाहेरचा आहे असं समजा. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे गेली असेल, आवाज ऐकू येत असतील, व्यसन असेल, तर डॉक्टरकडे पाठवा, आणि शक्य असेल तर पहिल्यांदा सोबत जा. पाठवल्यावर भेटणं थांबवू नका. नाहीतर पाळकानेही हात झटकले असं त्याला वाटतं. आणि 'विश्वास ठेवा, गोळ्या बंद करा,' असं कधीही बोलू नका. त्याने माणसं मेलेली आहेत.

कसं शिकायचं, हे तुम्ही विचारलं होतं. पुढचे सहा महिने असं करून बघा. आठवड्यातली एकच भेट निवडा आणि त्याच रात्री आठवेल तितका संवाद लिहा, नावगाव न घालता. बोलणं सुरू असताना टिपणं घेऊ नका. उजवीकडे रुंद समास सोडा आणि तुमच्या प्रत्येक वाक्यासमोर, ते बोलताना तुम्हाला आत काय होत होतं ते लिहा: भीती, कंटाळा, काहीतरी शहाणं बोलायची ओढ, घड्याळ. महिन्यातून एकदा ते कागद अनुभवी माणसाला दाखवा. तो तुमच्याच मंडळीतला नसेल तर उत्तम, कारण ज्याच्या हातात तुमची बढती आहे त्याला तुम्ही खरे कागद दाखवणार नाही. काम झाल्यावर कागद फाडून टाका.

पहिल्या कागदात फार काही शोधू नका. समोरच्याच्या ज्या वाक्यानंतर तुम्ही विषय बदललात, ते वाक्य तेवढं शोधा आणि त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल करा. मग त्या माणसाला फोन करून विचारा की पुन्हा भेटायला येऊ का.